टेक्नो नेमकं कुठलं? हुआन ॲटकिन्स आणि डेट्रॉईटची गोष्ट

२०२४च्या मार्च महिन्यात जर्मनीने ‘बर्लिनची टेक्नो संस्कृती’ अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली. बऱ्याच ठिकाणी ही बातमी ‘युनेस्कोने टेक्नोला मान्यता दिली’ अशी फिरली. ते तितकंसं बरोबर नाही. योग, कोलकात्याची दुर्गापूजा आणि गुजरातचा गरबा ज्या जागतिक यादीत आहेत ती वेगळी. ही जर्मनीची स्वतःची राष्ट्रीय यादी आहे, आणि तिथल्या युनेस्को आयोगाच्या मदतीने ती तयार होते.

त्या बातमीमागून एक प्रश्न मात्र उरला आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. टेक्नोचा जन्म बर्लिनमध्ये झालेला नाही. तो अमेरिकेतल्या डेट्रॉईटमध्ये, विशीच्या आतबाहेरच्या कृष्णवर्णीय मुलांच्या हातून झाला, आणि त्यांतलं पहिलं नाव हुआन ॲटकिन्स यांचं आहे. पुण्या-मुंबईत आणि गोव्यात ‘टेक्नो नाईट’च्या जाहिराती वाचणाऱ्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेलंही नसतं. म्हणून ही गोष्ट अगदी पायापासून सांगतो.

आधी टेक्नो म्हणजे काय ते पाहू

टेक्नो हे विजेच्या वाद्यांवर रचलेलं नाचाचं संगीत आहे. त्यात गायन जवळजवळ नसतं. असलंच तर एखाद-दुसरं वाक्य, तेही यंत्रातून बदललेल्या आवाजात. मिनिटाला साधारण १२० ते १४० ठोके पडतात आणि बहुतेक वेळा चारही मात्रांवर सारख्याच वजनाचा खर्जातला ठोका असतो.

हे संगीत तीन उपकरणांवर उभं राहिलं. सिंथेसायझर विजेच्या लहरींपासून आवाज घडवतो. ड्रम मशीनमध्ये तालाचे आवाज असतात. सीक्वेन्सर हे लक्षात ठेवणारं उपकरण आहे: कुठला सूर कोणत्या क्षणी वाजवायचा ते एकदा सांगून ठेवलं, की तो तेच न चुकता फिरवत राहतो.

जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ नावाचं ड्रम मशीन बाजारात आणलं. त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा येत नाही, अशी तक्रार होती. तीनेक वर्षांत त्याचं उत्पादन थांबलं आणि जुनी यंत्रं स्वस्तात मिळू लागली. ती ज्यांच्या हातात पडली त्यांच्याकडे महागडा स्टुडिओ नव्हता, वादकांचा ताफा ठेवायला पैसे नव्हते, पण नवा आवाज हवा होता. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही ही त्यांच्या दृष्टीने खोट नव्हती. त्यांना नेमकं तेच पाहिजे होतं.

मोटारींचं शहर रिकामं होत होतं

डेट्रॉईट समजल्याशिवाय ॲटकिन्स समजत नाहीत. फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायसलर या तिन्ही बड्या कंपन्यांचं हे शहर. १९५० साली इथली लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती. १९८० साली ती बारा लाखांवर आली आणि २०२०च्या जनगणनेत साडेसहा लाखही भरली नाही. कारखाने शहराबाहेर गेले, गोरी वस्ती उपनगरांत गेली, कृष्णवर्णीय वस्ती मागे राहिली. जॅझ आणि ब्लूजच्या जागांसाठी प्रसिद्ध असलेला हेस्टिंग्ज स्ट्रीट नव्या महामार्गाखाली गेला. १९६७च्या जुलैमध्ये शहरात दंगल उसळली, तीत ४३ माणसं मेली.

संगीताच्या बाबतीत हे शहर ‘मोटाउन’ कंपनीमुळे जगाला माहीत होतं. तिचे संस्थापक बेरी गॉर्डी यांनी तरुणपणी फोर्डच्या कारखान्यात काम केलं होतं, आणि मोटारी जुळवायची पद्धत त्यांनी गाणी घडवायला वापरली: गीत लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गायकांना उठणं-बसणं शिकवणारे वेगळे. १९७२ साली मोटाउननेही मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला.

पुढे एका मुलाखतीत ॲटकिन्स या अर्थाचं बोलले, की मोटारी बनवायचं काम आता रोबो आणि संगणक करतात, आणि गॉर्डींच्या संगीतापेक्षा मला फोर्डच्या रोबोंमध्ये जास्त रस आहे. हे वाक्य गुर्मीचं वाटू शकतं. मला ते तसं वाटत नाही. ज्या यंत्रांमुळे बापाची, काकाची नोकरी जाते त्या यंत्रांना घाबरून बसण्यापेक्षा ती आपल्याच हातात घेऊन बघू, असं एक तरुण त्यात म्हणतो आहे. टेक्नोचा सगळा गाभा मला त्या एका भूमिकेत दिसतो.

आजीबरोबर दुकानात गेलेला मुलगा

हुआन ॲटकिन्स यांचा जन्म १९६२चा. वडील संगीताचे कार्यक्रम भरवायचे. लहानपणीच बास गिटार हातात आली होती. आईवडील वेगळे झाल्यावर ते डेट्रॉईटपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या बेलव्हिल गावी आजीकडे आले. आजीला ऑर्गनचा नाद होता. तिच्याबरोबर वाद्यांच्या दुकानात जाताना पोराची नजर मागच्या खोलीतल्या सिंथेसायझरांवर पडली, आणि कॉर्ग कंपनीचा एमएस-१० हा छोटा सिंथेसायझर घरी आला.

एमएस-१० एका वेळी एकच सूर वाजवू शकतो. म्हणजे त्यावर ‘गाणं’ करायचं तर एकेक पदर वेगळा वाजवून टेपवर चढवत जावं लागतं. ॲटकिन्स यांनी दोन कॅसेट डेक जोडून तेच केलं. ताल वाजवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ठोकेही त्याच सिंथेसायझरमधून काढले. एकट्या माणसाने घरच्या खोलीत अख्खं संगीत रचायचं ही आजची सर्वसाधारण गोष्ट तेव्हा फार थोड्यांनी करून पाहिली होती.

शाळेत त्यांना दोन मित्र मिळाले, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन. बहुसंख्य गोऱ्या मुलांच्या त्या शाळेत कृष्णवर्णीय मुलं मोजकी होती. हे तिघे पुढे ‘बेलव्हिल थ्री’ म्हणून ओळखले गेले. तिघांत ॲटकिन्स वयाने थोडे मोठे. रेकॉर्डवर रेकॉर्ड कशी जोडायची, यंत्र कसं चालवायचं, हे बाकीच्या दोघांना त्यांनीच शिकवलं. एडी फोक्स हे चौथे साथीदारही पहिल्यापासून होते. ‘थ्री’ या आकड्याने त्यांच्यावर अन्याय केला, असं मला नेहमी वाटतं.

या मुलांची खरी शाळा रेडिओवर भरायची. ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ या नावाने चार्ल्स जॉन्सन रात्री कार्यक्रम करायचे. अमेरिकी रेडिओत तेव्हा कृष्णवर्णीयांची स्टेशनं आणि गोऱ्यांची स्टेशनं यांची गाणी वेगवेगळी असत. मोजो ती भिंत मानत नसत. पार्लमेंट-फंकाडेलिक या गटाचा फंक (कृष्णवर्णीयांचं ठेकेबाज नाचाचं संगीत), प्रिन्स, बी-फिफ्टीटूज आणि यंत्रांवर संगीत रचणारा जर्मनीचा गट क्राफ्टवेर्क, सगळं एकाच रात्री वाजायचं. क्राफ्टवेर्क ऐकून ॲटकिन्स थक्क झाले. आपण खोलीत बसून जे चाचपडत होतो त्याच्या जवळचंच हे होतं, पण कितीतरी स्वच्छ आणि नेमकं.

सायबोट्रॉन: दोघांचा बँड

शाळा संपल्यावर वॉशटिनॉ कम्युनिटी कॉलेजात ॲटकिन्स यांची गाठ रिक डेव्हिस यांच्याशी पडली. डेव्हिस वयाने मोठे, व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले, स्वतःला ‘३०७०’ म्हणवून घेणारे आणि घरात सिंथेसायझरांचा संच बाळगणारे. दोघांनी ‘सायबोट्रॉन’ हा बँड काढला. १९८१ साली त्यांनी ‘ॲलीज ऑफ युअर माइंड’ ही पहिली रेकॉर्ड स्वतःच्याच ‘डीप स्पेस’ या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या नावावर काढली. मोजो यांनी ती वाजवली आणि डेट्रॉईट परिसरातच तिच्या हजारो प्रती खपल्या. पुढे ‘कॉस्मिक कार्स’ आली आणि १९८३ साली ‘क्लिअर’.

‘क्लिअर’वर थोडं थांबायला हवं. तिचा ठेका पुढच्या टेक्नोसारखा सरळ चालत नाही, तो तुटक आहे. त्या ठेक्यावर चढत जाणारी सिंथेसायझरची एक साखळी आहे आणि मधूनच एक थंड, भावनाशून्य आवाज येतो. थंडपणा आहे, पण पाय स्थिर राहत नाहीत. त्या काळी या दोन गोष्टी एकत्र नांदत नसत. २००५ साली अमेरिकी रॅपर मिसी एलिअट यांनी ‘लूझ कंट्रोल’ या गाजलेल्या गाण्यात याच ‘क्लिअर’चा तुकडा वापरला. नाव माहीत नसलं तरी ॲटकिन्स यांचं संगीत तुमच्या कानावर पडलेलं असण्याची बरीच शक्यता आहे, ती यामुळे.

१९८४ साली ‘टेक्नो सिटी’ आली, आणि नंतर दोघे वेगळे झाले. डेव्हिस यांना रॉककडे जायचं होतं, ॲटकिन्स यांना यंत्रांकडे.

मेट्रोप्लेक्स, आणि नाव कसं पडलं

१९८५ साली ॲटकिन्स यांनी ‘मेट्रोप्लेक्स’ हे स्वतःचं लेबल सुरू केलं आणि ‘मॉडेल ५००’ या टोपणनावाने ‘नो यूएफओज’ प्रसिद्ध केलं. मॉडेल ५०० हे नाव एखाद्या यंत्राचं असावं तसं आहे. त्यावरून कलाकाराचा वंश, रंग, गाव, काहीच कळत नाही. अमेरिकी संगीत उद्योग रेकॉर्डच्या मुखपृष्ठावरचा चेहरा पाहून ती कोणत्या कप्प्यात टाकायची ते ठरवत असे, त्या काळातली ही निवड आहे.

मेट्रोप्लेक्सच्या मागोमाग मे यांनी ‘ट्रान्समॅट’ आणि सॉन्डरसन यांनी ‘केएमएस’ ही लेबलं काढली. मे यांचं ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ १९८७चं. सॉन्डरसन यांच्या ‘इनर सिटी’ या गटाने ‘बिग फन’ आणि ‘गुड लाइफ’ देऊन ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत धडक मारली. रेकॉर्ड छापायला लांब जावं लागत नसे, आर्चर हा एका कुटुंबाचा छापखाना गावातच होता. आपलं लेबल, आपला छापखाना, आपलं वितरण: न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या कुणाची परवानगी लागली नाही.

‘टेक्नो’ हा शब्द ॲटकिन्स यांच्या डोक्यात आधीपासून घोळत होता. अमेरिकी लेखक आल्विन टॉफलर यांच्या ‘द थर्ड वेव्ह’ या १९८०च्या पुस्तकात तंत्रज्ञान आपल्या अटींवर वापरणाऱ्या ‘टेक्नो बंडखोरां’चा उल्लेख येतो, आणि टॉफलर हे ॲटकिन्स यांचं आवडतं वाचन. १९८८ साली इंग्लंडचे नील रश्टन डेट्रॉईटच्या रचनांचा एक संग्रह व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीच्या उपलेबलवर काढत होते. शेजारच्या शिकागोचं ‘हाऊस’ संगीत तेव्हा जोरात होतं, म्हणून संग्रहाचं नाव ‘डेट्रॉईटचा हाऊस आवाज’ अशा धर्तीचं ठरत आलेलं. त्यासाठी ॲटकिन्स यांनी जी रचना पाठवली तिचंच नाव ‘टेक्नो म्युझिक’ होतं. संग्रहाचं नाव बदललं आणि या प्रकाराला जगभर तेच नाव चिकटलं.

‘पण हे तर क्राफ्टवेर्कने आधीच केलं होतं’

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्कची ‘ऑटोबान’ १९७४ची, ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ १९७७ची. त्यांचं ऋण ॲटकिन्स यांनी कधी लपवलेलं नाही.

मात्र टेक्नोचं दुसरं कूळ सोडून देणं चुकीचं आहे. जॉर्ज क्लिंटन यांच्या पार्लमेंट या गटाच्या १९७७च्या ‘फ्लॅश लाइट’मध्ये बर्नी वॉरेल यांनी बास गिटारऐवजी मूग कंपनीच्या सिंथेसायझरवर खर्जातली सगळी ओळ वाजवली आहे. लवचिक, घसरणारी, कमरेला हलवणारी. डेट्रॉईटच्या पोरांच्या कानात हा फंक आधीपासून मुरलेला होता. डेरिक मे यांचं एक वाक्य प्रसिद्ध आहे: जॉर्ज क्लिंटन आणि क्राफ्टवेर्क एका लिफ्टमध्ये अडकले आणि सोबतीला फक्त सीक्वेन्सर होता, तर जे होईल ते आमचं संगीत. क्राफ्टवेर्क काढून घेतलं तर टेक्नो राहणार नाही. क्लिंटन काढून घेतले तरी राहणार नाही, आणि हे दुसरं वाक्य युरोपात फारसं उच्चारलं जात नाही.

शब्दाबद्दलही वाद आहे. फ्रँकफर्टमध्ये १९८४ पासून ‘टेक्नोक्लब’ नावाच्या पार्ट्या होत होत्या आणि तिथे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डना सरसकट ‘टेक्नो’ म्हटलं जाई. शब्द दोन ठिकाणी स्वतंत्रपणे रुजला, हे मान्य करायला हरकत नाही. पण आज जगभर ज्या संगीताला हे नाव आहे त्याची घडण डेट्रॉईटच्या रेकॉर्डवर झाली.

‘मग बर्लिनने काय केलं?’

बर्लिनने घर दिलं. १९८९च्या नोव्हेंबरमध्ये भिंत पडली आणि पूर्व बर्लिनमध्ये मालकी न ठरलेल्या कितीतरी इमारती ओस पडल्या होत्या. १९९१ साली वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत ‘ट्रेझोर’ क्लब सुरू झाला. त्याच्या लेबलची पहिलीच रेकॉर्ड डेट्रॉईटच्या ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या गटाकडून आली. काही वर्षांपूर्वीपर्यंत तुकडे पडलेलं एक शहर आणि रिकामं होत चाललेलं दुसरं शहर यांची ही मैत्री होती, आणि ट्रेझोरने आपल्या एका संग्रहाचं नावच ‘बर्लिन-डेट्रॉईट: अ टेक्नो अलायन्स’ असं ठेवलं होतं. स्वतः ॲटकिन्स यांनी बर्लिनमध्ये थॉमस फेलमान आणि मॉरिट्झ फॉन ऑस्वाल्ड यांच्याबरोबर काम केलं. फॉन ऑस्वाल्ड यांच्याबरोबरचं ‘बॉर्डरलँड’ २०१३ साली ट्रेझोरनेच काढलं.

म्हणून बर्लिनच्या वारसायादीला माझा विरोध नाही. तिथली क्लब-संस्कृती तिथल्याच लोकांनी उभी केली आणि जपली. मला खटकतं ते एवढंच, की युरोपातल्या तरुण श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे ‘टेक्नोवाला’ म्हणून उभा राहतो तो बहुतेकदा गोरा युरोपीय. डेट्रॉईटमध्ये २००० साली हार्ट प्लाझा या नदीकाठच्या चौकात इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा महोत्सव सुरू झाला. तो आता ‘मूव्हमेंट’ नावाने दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी भरतो. ‘एक्झिबिट ३०००’ हे टेक्नोचं छोटं संग्रहालयही तिथे आहे. पण जगातून बर्लिनला जाणाऱ्या टेक्नोप्रेमींचा लोंढा डेट्रॉईटकडे वळत नाही. पैसा आणि श्रेय बहुधा हातात हात घालून जातात, आणि दोन्ही अटलांटिकपलीकडे गेले.

‘यंत्रच वाजवतं, तर माणूस काय करतो? आणि सारखं तेच तेच का?’

तबल्याचा एकल कार्यक्रम आठवा. शेजारी संवादिनीवर लेहरा चालू असतो, तासभर तीच ओळ. तो लेहरा कंटाळवाणा आहे अशी तक्रार कुणी जाणकार करत नाही, कारण तो स्थिर आहे म्हणूनच तबल्यातला कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, कसा उलगडतो ते कळतं. टेक्नोत भूमिका उलट्या होतात: ताल स्थिर राहतो आणि आवाजाचा पोत हळूहळू बदलत जातो. कान ठोक्यावर न ठेवता त्याच्या वरच्या थरावर ठेवला, की एक खडखडीत आवाज चार मिनिटांत कसा उघडत, ओलसर होत जातो ते ऐकू येतं. हे बदल यंत्र ठरवत नाही. कोणता सूर ठेवायचा, कोणता काढायचा, कुठे ठोका बंद करून श्रोत्यांना अधांतरी ठेवायचं आणि किती वेळ, हे निर्णय माणसाचे असतात. त्यांत चूक झाली की नाचणारे लगेच थांबतात.

दुसरी शंका आपल्याकडे हमखास येते: हे म्हणजे दणदणाट आणि नशा. दणदणाट स्पीकरचा असतो. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीवर भजन लावलं तरी छातीत धडधडणारच. नशेबद्दल एक गोष्ट सांगतो. डेट्रॉईटच्या मध्यवस्तीत १९८८-८९मध्ये ‘म्युझिक इन्स्टिट्यूट’ नावाचा क्लब चालला. टेक्नोच्या इतिहासात त्याचं नाव फार आदराने घेतलं जातं. तिथे दारू मिळत नसे, सरबतं मिळत. लोक पहाटेपर्यंत नाचायला येत. पुढे युरोपातल्या रेव्ह पार्ट्यांबरोबर अमली पदार्थ आले हे खरं आहे आणि त्याने माणसं दगावली हेही खरं आहे, पण संगीताच्या उगमाशी त्यांना बांधणं चूक आहे.

‘आपल्या मुंबईतही असं काही झालं होतं ना?’

झालं होतं, आणि ते थोर होतं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक रेकॉर्ड केली. त्यात त्यांनी रोलँडचंच टीआर-८०८ आणि टीबी-३०३ हे बासचं यंत्र वापरलं. काही वर्षांनी शिकागोत ‘ॲसिड हाऊस’ जन्मलं, त्याच्याशी हा आवाज चकित करण्याइतका जुळतो. ती रेकॉर्ड त्या वेळी फारशी कुणी घेतली नाही. २०१० साली पुन्हा निघाल्यावर जग थक्क झालं, आणि उतारवयात सिंग यांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ साली ते वारले.

मग टेक्नो मुंबईत सुरू झालं असं म्हणता येईल का? नाही. ॲटकिन्स यांची पहिली रेकॉर्ड १९८१ची, आणि या दोघांनी एकमेकांचं नावही तेव्हा ऐकलेलं नसणार. मोठा फरक मला पुढचा वाटतो. सिंग यांच्या मागे कुणी उभं राहिलं नाही. मुंबईत असा मोजो नव्हता जो ती रेकॉर्ड रोज रात्री वाजवेल, असे मित्र नव्हते जे त्यावर आपली लेबलं काढतील. ॲटकिन्स यांनी संगीताबरोबर त्याची परंपरा उभी केली, म्हणून ‘प्रवर्तक’ हा शब्द त्यांना लागू पडतो.

गोव्याच्या किनाऱ्यावर नव्वदीत घडलेलं ‘गोवा ट्रान्स’ हा या कुळातलाच दूरचा नातेवाईक. त्याची घडण हिप्पींच्या पार्ट्यांमधून झाली आणि त्याची गोष्ट वेगळी आहे.

ऐकायचं असेल तर

इथून सुरुवात करा: आधी ‘फ्लॅश लाइट’, मग लगेच क्राफ्टवेर्कच्या १९८१च्या ‘कॉम्प्युटर वर्ल्ड’मधलं ‘नंबर्स’, आणि त्यानंतर ‘क्लिअर’. या क्रमाने ऐकलं की दोन प्रवाह कुठे मिळाले ते न सांगता कळतं. मग ‘नो यूएफओज’ घ्या. ‘क्लिअर’चा तुटकपणा कमी होऊन ठोका कसा पुढे रेटत नेतो ते पाहा. त्याच वर्षीचं ‘नाइट ड्राइव्ह’ रात्री हेडफोन लावून ऐकावं असं आहे.

त्यानंतर थेट १९९५ साली आलेला मॉडेल ५००चा ‘डीप स्पेस’ हा अल्बम. तो नाचायला कमी आणि ऐकायला जास्त आहे. दहा-बारा वर्षांत ॲटकिन्स यांचा हात किती हलका झाला ते त्यात समजतं. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र यातलं काहीच ऐकू नका. खर्ज त्यातून येतच नाही, आणि अर्धं संगीत खर्जातच आहे.